मुलीचं वजन वाढतंय? मग उंचीही मोजा

अमळनेरला मी तिसरी-चौथीला शिकवते. वर्ग सुटला की एखादी आई मागे थांबते अन् दबक्या आवाजात विचारते, "बाई, आठवं सरलं नाही अन् पोरगी मोठी दिसायला लागली. हे लवकर नाही का?" अशा आयांसाठी हे लिहितेय.

आधी वय बघा. मुलीला ८ वर्षांच्या आत छाती येऊ लागली किंवा मुलाची ९ च्या आत वयात येण्याची लक्षणं दिसली, तर बालरोगतज्ज्ञांकडे जायचंच. जाड मुलीत ती नुसती चरबीही असू शकते; डॉक्टर हात लावून ओळखतात.

वजनाचा संबंध असा : चरबी लेप्टिन नावाचं संप्रेरक (हार्मोन) सोडते, त्यावरून मेंदूला कळतं की अंगात साठा पुरेसा आहे, वयात यायला हरकत नाही. शिवाय चरबीतच काही संप्रेरकांचं इस्ट्रोजेन, म्हणजे स्त्री-संप्रेरक, बनतं. म्हणून जाड मुलींना पाळी लवकर येण्याचा संभव जास्त. प्रत्येकीला येतेच असं नाही, आईकडून आलेला वारसाही असतो. मुलांमध्ये हे इतकं सरळ नाही. काही जाड मुलं उलट उशिरा वयात येतात.

आता उंची. दर तीन महिन्यांनी, सकाळी, अनवाणी. अंबाडा किंवा वर बांधलेली वेणी सोडा. टाचा भिंतीला, नजर समोर, डोक्यावर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक भिंतीशी काटकोनात धरा आणि त्याच्या खालच्या कडेला पेन्सिलीची रेघ मारा. टेपनं मोजून वहीत तारखेसह लिहा, शेजारी वजन. या वयात वर्षाला ५-६ सेंमी वाढ नेहमीची. एकदम ७-८ सेंमी वाढली की घरचे खूश होतात, "बापावर गेली!" पण वयात येण्याची उसळी लवकर आली तर हाडांची वाढही लवकर थांबते. पाळी आल्यावर उंची एकूण साधारण ५-७ सेंमीच वाढते.

वहीतून बीएमआयही काढा, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते : किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं. ३८ किलो, १.३० मीटर : ३८ भागिले १.६९ (१.३० गुणिले १.३०), म्हणजे २२.५. मोठ्या बाईला हा आकडा ठीक. नऊ वर्षांच्या मुलीत तो लठ्ठपणा. मान काळवंडली असेल तर तेही डॉक्टरांना दाखवा, मळ समजून घासू नका.

उपाशी ठेवू नका. कळण्याची भाकरी, भरीत, केळं पोटभर द्या. सणाची वरणबट्टीही खाऊ द्या. बंद करायचं ते रोजचं : वेफर्सचा पुडा, बाटलीतलं थंड पेय, शेवभाजीवरची तर्री.

आणि "मोठी झाली, आता घरात बस" हे मला मुळीच पटत नाही. तिला रोज तासभर पळू द्या, उन्हाळ्यात सकाळी किंवा ऊन उतरल्यावर. रात्री किमान नऊ तास झोप. पाहुण्यांसमोर तिच्या शरीराबद्दल कुणी बोललं तर तिथल्या तिथे थांबवा.

डॉक्टर डाव्या हाताचा एक्स-रे काढून हाडांचं वय, म्हणजे हाडं किती वाढून झालीत ते, बघतात. पाळी थांबवणारं इंजेक्शन सगळ्यांना लागत नाही, स्वतःहून मागू नका. जाताना वही न्या.