दहा पीसींचा सामाईक गेमिंग अड्डा: आधी अर्थिंग, मग ग्राफिक्स कार्ड

हार्डवेअरचं वेड असलेली आठ-दहा मंडळी एकत्र आली, वर्गणी जमली, गाळा भाड्याने घ्यायचं ठरलं, की पहिल्याच बैठकीत ग्राफिक्स कार्डावरून वाद सुरू होतो. तो वाद शेवटच्या बैठकीसाठी ठेवा. कार्ड वर्षभराने विकून दुसरं घेता येतं, भिंतीत गाडलेली वायर बदलायला सगळा अड्डा उपसावा लागतो.

खालचा हिशोब दहा जागा, दुरुस्ती-जोडणीचं एक टेबल आणि तळमजल्यावरचा सुमारे ४०० चौरस फुटांचा गाळा धरून केला आहे. तळमजलाच घ्या, कारण अर्थिंगचा खड्डा जवळ हवा. प्रत्येक जागेला सव्वातीन फूट रुंद आणि अडीच फूट खोल टेबल लागतं. टेबल भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा. मागून गरम हवा निघते आणि केबल बदलताना हात जातो.

लोड किती मागायचा

पीएसयूवर (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावर) ७५० वॅट लिहिलंय म्हणून दहा गुणिले ७५० करणारा सल्ला चुकीचा आहे. तो आकडा पीएसयूची क्षमता सांगतो, खप नाही. रायझन ५ ७६०० प्रोसेसर जास्तीत जास्त ८८ वॅट घेतो, आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड साधारण ११५. बोर्ड, पंखे आणि मॉनिटर धरून खेळताना अशी जागा भिंतीतून तीनशेच्या आत घेते. ४०७० लावलं तर चारशेच्या आसपास. म्हणून जागेला ४५० वॅट धरा: दहा जागांचे साडेचार किलोवॉट, दीड टनाचे दोन एसी मिळून ३.४, दुरुस्तीचं टेबल १, दिवे-राउटर-सर्व्हर अर्धा. बेरीज ९.४. महावितरणकडे १० किलोवॉटची थ्री फेज व्यावसायिक जोडणी मागा. ५०९० सारखं एकटंच ५७५ वॅट ओढणारं कार्ड कोणी आणलं, तर ते दुरुस्तीच्या टेबलावरच्या स्वतंत्र लाइनवर लावायचं, रांगेत नाही.

वायरिंग: इथे घाई नको

बहुतेक अड्ड्यांचं दुखणं इथेच असतं आणि ते लवकर ओळखू येत नाही. पीसी मध्येच रीस्टार्ट होतो, सगळे रॅमला दोष देतात. एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच) पडतो, मोठा एमसीबी लावला जातो. असला ‘उपाय’ कधीही करू नका. एमसीबी वायरीला वाचवतो. वायर तीच ठेवून एमसीबी वाढवला, की आग अडवणारं काहीच उरत नाही.

दहा जागा ४, ३, ३ अशा तीन रांगांत तीन फेजवर टाका. चार जागांच्या फेजवर दुरुस्तीचं टेबल आणि दिवे, उरलेल्या दोन्हींवर एकेक एसी. असं केलं की तिन्ही फेजवर तीन ते ३.३ किलोवॉट येतात. प्रत्येक रांगेला अडीच चौरस मिलिमीटर तांब्याची वायर आणि स्वतंत्र १६ अँपिअरचा आरसीबीओ (एमसीबी आणि अर्थमध्ये होणारी गळती ओळखून वीज तोडणारा आरसीसीबी, दोन्ही एकात): सी कर्व्ह (क्षणभराचा मोठा करंट बी कर्व्हपेक्षा जास्त सोसणारा), ३० मिलिअँपिअर गळतीचा, टाइप ए (इलेक्ट्रॉनिक उपकरणांची गळतीही ओळखणारा). टेबलाला आणि एसींनाही वेगळे.

सगळ्या पीसींना मिळून एकच आरसीसीबी का चालत नाही, हे नीट समजून घ्या, कारण वायरमन खर्च वाचवायला हेच सुचवतो. प्रत्येक पीएसयूच्या तोंडाशी फिल्टरचे कपॅसिटर असतात आणि त्यांतून थोडा करंट सतत अर्थमध्ये जातो. पीसीचा एक आणि मॉनिटरचा अर्धा मिलिअँपिअर धरला, तर दहा जागांचे १५ होतात. ३० चा आरसीसीबी १५ ते ३० च्या दरम्यान कुठेही पडू शकतो. म्हणजे काहीही बिघडलेलं नसताना ऐन सामन्यात दहाही स्क्रीन काळे. रांगेला स्वतंत्र आरसीबीओ असला, तर चार जागांचे सहाच होतात. कायमची गळती रेटिंगच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत ठेवायची, हा नियम पाळा.

दुसरी अडचण वीज परत येतानाची. त्या क्षणी प्रत्येक पीएसयूचा मोठा कपॅसिटर रिकामा असतो आणि काही मिलीसेकंद चाळीस-पन्नास अँपिअर खेचतो. सगळे एकदम खेचतात म्हणून बी कर्व्हचा एमसीबी पडतो. बायोसमध्ये (पीसीच्या बोर्डावरच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज आल्यावर पीसी बंदच राहील असं सेटिंग करा, पण तेवढ्याने भागत नाही. पीसी बंद असला तरी कपॅसिटर भरतोच. प्रत्येक फेजवर अंडर-ओव्हर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवा आणि पुन्हा जोडण्याचा वेळ ३०, ६० आणि ९० सेकंद असा वेगवेगळा ठेवा. रांगा एकामागून एक जाग्या होतात.

हाच प्रोटेक्टर आणखी मोठ्या संकटात कामी येतो. थ्री फेज जोडणीत न्यूट्रल सैल झाला, तर कमी लोड असलेल्या फेजवर व्होल्टेज ४०० च्या दिशेने चढतं आणि त्या रांगेतले पीएसयू एका दमात जातात. २७० ला तोडेल असं सेट करा, आणि ४०० व्होल्ट सोसेल असाच प्रोटेक्टर निवडा. न्यूट्रलची वायर फेजइतकीच जाड हवी आणि तिचे स्क्रू दर सहा महिन्यांनी, मेन बंद करून, वायरमनकडून आवळून घ्यायचे.

अर्थिंग मोजल्याशिवाय विश्वास ठेवू नका

पीसीच्या केसच्या (कॅबिनेटच्या) उघड्या पत्र्याला हाताची पाठ लागली की झिणझिण्या येतात, हे अनेकांना सवयीचं झालंय. सवयीचं होऊ देऊ नका. अर्थ तुटलेला असला की ते फिल्टरचे कपॅसिटर केसवर निम्मं, म्हणजे ११५ च्या आसपास व्होल्टेज आणून ठेवतात. करंट थोडा असतो म्हणून माणूस बचावतो, पण त्याच केसमध्ये कोणी रॅम लावत असेल तर बोर्ड जाऊ शकतो. याचं नेहमीचं कारण म्हणजे परदेशी पिनच्या केबलला लावलेला स्वस्त दोन पिनांचा कन्व्हर्टर. अड्ड्यात तो वापरायलाच बंदी घाला आणि तीन पिनांच्या पाच-सहा जादा केबल ठेवा.

सगळे पीसी लोडवर असताना मल्टिमीटरने प्रत्येक सॉकेट तपासा. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळजवळ तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. न्यूट्रल-अर्थ अगदी ०.० दिसलं तर खूश होऊ नका. लोडवर थोडा फरक पडायलाच हवा. शून्य याचा अर्थ बहुधा कोणीतरी सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून ठेवलाय. उद्या न्यूट्रल तुटला तर थेट २३० व्होल्ट केसवर येतील. तो सॉकेट तिथल्या तिथे बंद करा.

खड्डे दोन घ्या आणि एकमेकांना जोडा. दख्खनच्या काळ्या कातळात पाइप पुरेसा खोल जात नाही, मग एका खड्ड्याने भागत नाही. अर्थ टेस्टरवर पाच ओहमच्या आत आकडा हवा, आणि तो एप्रिल-मे महिन्यात मोजलेला हवा. श्रावणात ओल्या मातीत कोणतंही अर्थिंग चांगलंच दिसतं.

बाकीचं

बॅकअपवर पीसी नकोत. यूपीएसवर फक्त राउटर, स्विच, कॅमेरे आणि दोन दिवे.

थंडाव्याचा हिशोब सोपा आहे. पीसीने घेतलेली जवळपास सगळी वीज खोलीत उष्णता होऊन उरते. एक टन म्हणजे ३.५ किलोवॉट. पीसींचे चार, माणसांचे दीड, टेबल-सर्व्हरचा एक, भिंती-छताचे तीन मिळून साडेनऊ होतात, म्हणजे पावणेतीन टन. वर तापणारा स्लॅब असेल तर दीडऐवजी दोन टनांचे एसी घ्या आणि वाढलेला लोड अर्जात धरा.

नेटवर्कला २४ पोर्टचा गिगाबिट स्विच आणि शुद्ध तांब्याची कॅट ६ केबल. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनिअमची केबल स्वस्त मिळते, ती परत करा. नेटवर्कची केबल विजेच्या पाइपमधून नेऊ नका. १०० जीबीचा गेम १०० एमबीपीएसच्या लाइनवर उतरायला सव्वादोन तास लागतात, दहा पीसींना बावीस. स्टीम या गेम उतरवायच्या ॲपची लोकल नेटवर्क ट्रान्सफर सोय सुरू ठेवा. एका पीसीवर उतरलेला गेम बाकीचे तिथूनच घेतात.

दुरुस्तीच्या टेबलावर अँटिस्टॅटिक मॅट (स्थिर विजेपासून भाग वाचवणारी), त्याच कामाचा एक मेगाओहमचा मनगटी पट्टा, चालू असल्याची खात्री असलेला एक जादा पीएसयू, फिलिप्स दोन नंबरचा चुंबकी स्क्रूड्रायव्हर, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि एम.२ चे (चपट्या एसएसडीचे) जादा स्क्रू. लिक्विड नायट्रोजनचं ओव्हरक्लॉकिंग बंद गाळ्यात अजिबात नको. नायट्रोजन खोलीतला ऑक्सिजन हटवतो आणि गुदमरणाऱ्याला ते कळतही नाही.

बाहेरच्यांकडून तासाचे पैसे घेणार असाल तर सायबर कॅफेचे २०११ चे केंद्रीय नियम पाहा: नोंदणी, ओळखपत्र पाहून नोंद, ती किमान एक वर्ष जपणं, पार्टिशन साडेचार फुटांपेक्षा उंच नसणं. वैयक्तिक स्टीम खाती पैसे घेऊन वापरू देता येत नाहीत. त्यासाठी स्टीमचा पीसी कॅफे परवाना आहे. पैसे लावून ऑनलाइन खेळ इथे होणार नाही, हे भिंतीवर लिहून लावा. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने त्यावर बंदी आहे.

उघडण्याआधीची चाचणी

एप्रिलच्या एखाद्या दुपारी दोन वाजता दहाही पीसींवर प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाची ताणचाचणी एकत्र लावा, दोन्ही एसी चालू, दोन तास. तासाने प्रत्येक प्लग आणि आरसीबीओला हाताची पाठ लावून पाहा. कोमट चालेल, चटका नको. चटका बसला की तिथला स्क्रू सैल आहे. मग मेन बंद करा, एक मिनिट थांबा आणि सुरू करा. रांगा ठरलेल्या क्रमाने उठल्या पाहिजेत. एखादी पडली तर त्या रांगेतला एक पीसी तीनच्या रांगेत हलवा आणि हीच चाचणी पुन्हा घ्या.