क्षारपड रानात सोयाबीन पिवळं पडलं? युरियाआधी मुळावरची गाठ कापून बघा

सोयाबीन २५-३० दिवसांचं झालं आणि रानाचा सखल कोपरा पिवळा पडला, की सांगली जिल्ह्यातल्या वाळवा, पलूस, मिरज भागात पहिला उपाय ठरलेला: युरिया फोका. आठवड्यात पान हिरवं होतं आणि घरचे निश्चिंत होतात. क्षारपड जमिनीत हीच सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. सोयाबीनच्या मुळावरच्या गाठींत रायझोबियम नावाचे जिवाणू राहतात आणि हवेतलं नत्र झाडाला देतात. त्या गाठीच धरल्या नसतील, तर ते झाड शेंगा भरताना पुन्हा उपाशी पडतं. शिवाय जमिनीत आयतं नत्र मिळालं की मूळ नव्या गाठी धरायचं कमी करतं आणि असलेल्या गाठीही मंदावतात. म्हणजे रोग तसाच राहतो, फक्त दिसेनासा होतो.

आधी कोणतं पान पिवळं आहे ते नीट बघा. नत्र कमी पडलं तर खालची जुनी पानं पहिल्यांदा फिकट होतात. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील तर ती लोहाची कमतरता. चुनखडीच्या काळ्या रानात ती नेहमीची, आणि तिथे युरियाचा उपयोग नाही. पानांच्या कडा करपत चालल्या असतील तर क्षाराचा संशय घ्यावा. खालचं प्रत्येक शीर्षक म्हणजे अशीच आणखी एक चूक.

झाड उपटून मुळं बघणं

काळ्या चिकट मातीतून झाड ओढलं की गाठी मातीतच तुटून राहतात, आणि हातात आलेलं मूळ बघून आपण म्हणतो, गाठी नाहीतच. झाडाभोवती वीतभर खोल कुदळीनं माती मोकळी करा, ढेकळासकट झाड उचला, बादलीतल्या पाण्यात भिजू द्या आणि माती आपोआप सुटू द्या. मग गाठ नखानं किंवा ब्लेडनं मधोमध कापा. आतून लालसर गुलाबी असेल तर ती काम करते आहे. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, जे गाठीतल्या जिवाणूंना बेतानं प्राणवायू पुरवतं. हिरवट किंवा तपकिरी गाठ संपलेली असते. पांढरी गाठ एकतर अजून कोवळी असते, नाहीतर निकामी.

रानातल्या चांगल्या भागातली चार-पाच झाडं आणि पिवळ्या भागातली तेवढीच, अशी शेजारी ठेवून बघा. दोन्हीकडे गाठी नसतील तर कल्चरमध्ये (बियाण्याला लावायच्या रायझोबियमच्या पाकिटात) किंवा बीजप्रक्रियेत काहीतरी चुकलं आहे. चांगल्या भागात गुलाबी गाठी आणि सखल भागात नाहीत, तर कल्चरला दोष देऊ नका. तिथे क्षार आहेत किंवा पाणी साचतं. आपल्या नदीकाठच्या रानांत बहुतेकदा दोन्ही.

क्षार सोसणारं कल्चर मिळालं की काम झालं, असं समजणं

मीठ आधी जिवाणूला मारतं असा समज आहे. खरं तर रायझोबियम सहसा झाडापेक्षा जास्त मीठ सोसतो. अडतं ते दोघांच्या भेटीत. जिवाणू सोयाबीनच्या मुळात शिरतो तो केशमुळातून. त्यासाठी केशमुळ वळावं लागतं. क्षारात केशमुळं कमी फुटतात, नीट वळत नाहीत आणि वाट बंद होते. हे घडतं उगवणीनंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत, पान अजून हिरवं असताना. पुढे गाठ झालीच तरी तिची उपासमार होते: क्षारामुळे झाडाला पाणी ओढणं जड जातं, पानात साखर कमी तयार होते, गाठीत प्राणवायू पोचणंही घटतं. हवेतल्या नत्राचा एक रेणू फोडायला किमान १६ एटीपी, म्हणजे पेशीतले ऊर्जा पुरवणारे रेणू, खर्ची पडतात. एवढी ऊर्जा अर्धपोटी गाठ आणणार कुठून? म्हणून झाडाची वाढ खुंटलेली दिसण्याच्या आधीच नत्र स्थिरीकरण बसलेलं असतं.

वाण बदलूनही हे सुटत नाही. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्राचे फुले संगम, फुले किमया हे वाण चांगलेच आहेत, पण निचरा वाण करत नाही.

माती परीक्षणाचा आकडा चुकीचा वाचणं

मातीतले क्षार ईसीनं, म्हणजे विद्युत वाहकतेनं मोजतात; क्षार जास्त तर आकडा मोठा. पुस्तकात सोयाबीनची सहनशक्ती मीटरला ५ डेसिसायमन, भुईमुगाची ३.२ आणि घेवड्याची जेमतेम १ दिलेली असते. (कोरेगावकडच्या वाघ्या घेवड्यावाल्यांनी हा शेवटचा आकडा लक्षात ठेवावा.) हे आकडे संपृक्त मातीच्या, म्हणजे पाण्यानं पुरती भिजवलेल्या मातीतून काढलेल्या अर्काचे आहेत. आपल्या हातातल्या पत्रिकेत ईसी बहुधा एक भाग माती आणि अडीच भाग पाणी कालवून मोजलेला असतो. पाणी जास्त, म्हणून आकडा कितीतरी लहान दिसतो. पत्रिकेत १.५ आला म्हणून ‘पाचाच्या आत आहोत’ असं धरून पेरणारा फसतो. भारी काळ्या मातीत संपृक्त अर्काचा आकडा पाचाच्या घरात जाऊ शकतो. कोणत्या पद्धतीनं मोजलं ते प्रयोगशाळेत विचाराच. नमुना उन्हाळ्यात, पांढरे क्षार वर आलेले असताना घ्या, आणि वरच्या थराचा वेगळा, फूटभर खालचा वेगळा. पावसानंतरचा नमुना खोटा धीर देतो.

जिप्सम सरसकट टाकणं

सामू (पीएच) ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य, म्हणजे मातीच्या कणांना धरून बसलेलं, सोडियम १५ टक्क्यांच्या वर असेल तर जमीन चोपण. तिथे जिप्सम हवं. नुसती क्षारयुक्त जमीन असेल तर जिप्समनं तिचे क्षार निघत नाहीत, ते पाण्यानं धुऊन खाली काढावे लागतात. आणि चोपण जमिनीतही निचरा नसेल तर जिप्समनं सुटलेलं सोडियम जाणार कुठे? तिथल्या तिथेच राहणार.

वरंब्याच्या माथ्यावर टोकणी

उन्हाळी भुईमुगात ही चूक फार होते. दोन्ही सऱ्यांतून पाणी दिलं की ओल माथ्याकडे चढते, पाणी उडून जातं आणि क्षार नेमके माथ्यावर साठतात. बी बगलेला टोका. बोअरचं पाणी मचूळ असेल तर त्याचाही ईसी मोजा, आणि निदान पहिले तीन आठवडे तरी कालव्याचं किंवा नदीचं पाणी द्या.

बीजप्रक्रियेत आधी बुरशीनाशक, शेवटी कल्चर, सावलीत सुकवून लगेच पेरणी. हरभऱ्याला हरभऱ्याचंच कल्चर लागतं, सोयाबीनचं उरलेलं पाकीट चालत नाही.

जिथे पांढरी पापडी दिसतेच आहे, तिथे या हंगामात सोयाबीनचा हट्ट सोडून धैंचा हे हिरवळीच्या खताचं पीक घ्या. तो क्षारात आणि ओलीतही गाठी धरतो. फुलावर येताच, दीड महिन्याच्या सुमारास, गाडून टाका. जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून निचरा केला असेल तर पाइपच्या तोंडाशी येणाऱ्या पाण्याचा ईसी दर पावसाळ्यात मोजा. तो वर्षागणिक उतरत नसेल तर आधी तोंड बघा. ओढ्याला पूर येऊन गेला की ते गाळानं आणि उसाच्या पाचटानं बुजलेलं असतं.