ख्रिस्ती बालमालिकांसाठी लिहिताना: सायकलीपासून उधळ्या पुत्रापर्यंत

मी लिहिलेला पहिला भाग मुलांना दाखवला त्या दिवशी मी खोलीच्या मागच्या कोपऱ्यात वही घेऊन बसले होते. भाग अकरा मिनिटांचा. एक मुलगा मोठ्या भावाची सायकल न विचारता घेऊन जातो, उतारावर धडपडतो, चाक वाकतं. घरी आल्यावर ‘मला नाही माहीत’ म्हणून मोकळा होतो. शेवटी आजी त्याला जवळ बोलावते, लबाडी सोडून एकमेकांशी खरं बोला हे इफिसकरांस पत्रातलं वचन सांगते. तो कबूल करतो, भाऊ माफ करतो आणि सगळे मिळून गाणं म्हणतात. समोर पाच-सहा वर्षांची नऊ मुलं बसली होती. भाग संपल्यावर विचारलं, “काय शिकलात या गोष्टीतून?” पहिला हात वर गेला: “उतारावर ब्रेक दाबायचा.” मग एक मुलगी म्हणाली, “मोठी सायकल घ्यायची नाही, पाय पुरत नाहीत.” सातजण सायकलीबद्दल बोलले, एकीला आजी आवडली होती, एकजण काहीच बोलला नाही. खरं बोलण्याचं नाव कुणी काढलं नाही.

मला वाटलं, मुलं लहान आहेत, वचनाची भाषा जड गेली असेल. आमच्या गटातल्या ज्येष्ठ लेखिका बाईंनी काही न बोलता माझ्या हातात स्टॉपवॉच दिलं आणि भाग पुन्हा लावला. सायकल, उतार, पडणं: साडेचार मिनिटं. चाक लपवणं, खोटं बोलणं, पकडलं जाण्याची धाकधूक: पावणेचार मिनिटं. कबुली आणि माफी: पन्नास सेकंद. उरलेला वेळ गाण्यांचा. “तू जे दाखवलंस तेच मुलांनी पाहिलं,” एवढंच त्या म्हणाल्या. या कामात येऊ पाहणाऱ्यांना मी आज सगळ्यात आधी हेच सांगते. संहिता लिहून झाली की घड्याळ घेऊन बसा आणि ज्या गोष्टीसाठी हा भाग लिहिलाय ती पडद्यावर किती वेळ घडते ते मोजा.

पुढे वाचनात आलं की याचा अभ्यासही झालेला आहे. 2008 मध्ये मारी-लुईस मेअर्स आणि एमिली अकोस्टा या संशोधकांनी बालवाडीच्या वयाच्या मुलांना एका कार्टूनचा भाग दाखवला. त्यात तीन पायांचा एक कुत्रा येतो, बाकीचे कुत्रे त्याला टाळतात आणि शेवटी आपल्यात घेतात. वेगळेपणामुळे कुणाला दूर लोटू नये, हा त्यातला धडा. बऱ्याच मुलांच्या मनात राहिलं ते एवढंच की तीन पायांच्या कुत्र्यांशी चांगलं वागावं. या वयाचं मूल गोष्टीतल्या वस्तूला, प्राण्याला धरून विचार करतं. त्यातून तत्त्व वेगळं काढणं त्याला अजून जमत नाही. म्हणून मी आता एकच मूल्य एका भागात दोन अगदी वेगळ्या प्रसंगांत आणते. खरं बोलणं एकदा सायकलीच्या बाबतीत आलं, तर दुसऱ्यांदा ते मैत्रिणीला ‘मला तुझा राग आला होता’ हे सांगण्यात येतं. सायकल एकीकडेच असते, खरं बोलणं मात्र दोन्हीकडे असतं.

दुसरा उपाय म्हणजे पात्राच्या मनात चाललेलं ऐकू येऊ देणं. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या लुथरन मंडळीने, म्हणजे चर्चने, आर्ट क्लोकी यांच्याकडून ‘डेव्ही अँड गोलायथ’ ही बाहुल्यांची मालिका करून घेतली. त्यातला गोलायथ नावाचा कुत्रा बोलतो, पण त्याचं बोलणं डेव्ही या एकट्या मुलालाच कळतं. मुलाच्या आतली टोचणी बाहेर आणायची ही किती साधी आणि पक्की युक्ती आहे! नवशिक्यांनी तिचे दोन-चार भाग आवाज बंद करून आणि मग आवाजासकट पाहावेत. कुत्रा कधी बोलतो आणि कधी नुसता बघत राहतो, याकडे लक्ष द्या.

इथवरचं कुठल्याही संस्कारकथेला लागू आहे. ख्रिस्ती मालिकेचा खरा पेच पुढे सुरू होतो, आणि तो मला कामाला लागून चार वर्षं झाल्यावर दिसला.

फिल व्हिशर आणि माइक नॉरॉकी यांनी 1993 मध्ये ‘व्हेजीटेल्स’ ही ॲनिमेशन मालिका आणली. पात्रं म्हणून भाज्या घेतल्या, कारण तेव्हाच्या संगणकांवर हात, पाय, केस, कपडे हलते दाखवणं फार अवघड होतं. बॉब नावाचा टोमॅटो आणि लॅरी नावाची काकडी घराघरांत पोचले. क्षमा, कृतज्ञता, धैर्य असे सद्गुण घेऊन एकेक भाग बेतलेला असे. 2002 मध्ये बायबलमधल्या योना संदेष्ट्यावरचा त्यांचा चित्रपट आला आणि 2003 मध्ये त्यांची कंपनी दिवाळखोरीत गेली. त्यानंतर व्हिशर यांनी मागे वळून जे सांगितलं ते मी माझ्या टेबलासमोर लिहून ठेवलंय. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा: दहा वर्षं आपण मुलांना ख्रिस्ती माणसासारखं वागायला सांगत राहिलो, पण ख्रिस्ती विश्वास काय आहे ते शिकवलं नाही. इतकं यश मिळालेल्या माणसाने हे उघडपणे म्हणावं, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो.

ते वाचलं त्या रात्री मी माझ्या जुन्या संहिता काढल्या. ‘चांगला वाग, म्हणजे देव तुझ्यावर प्रेम करील’ हा अर्थ वेगवेगळ्या शब्दांत एकोणीस ठिकाणी सापडला. शुभवर्तमानात क्रम नेमका उलटा आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या 19 व्या अध्यायात येशू जक्कय नावाच्या जकातदाराला झाडावरून खाली बोलावतो आणि आज तुझ्याच घरी उतरणार म्हणतो, तेव्हा जक्कयाने कुणाची दमडीही परत केलेली नसते. अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याची, फसवलेल्यांना चौपट परत करण्याची भाषा तो नंतर करतो. आधी कुणीतरी त्याला नावाने हाक मारतं, मग तो बदलतो. हा क्रम तुमच्या संहितेत उलटला तर मूल देवाकडे परीक्षकासारखं पाहायला लागतं. एका चाचणीनंतर सहा वर्षांच्या एका मुलीने मला हळूच विचारलं होतं, “मी काल खोटं बोलले. देव आता माझ्याशी कट्टी का?” तो भाग आम्ही प्रसारित केला नाही. कबुलीच्या आधी आजीने नातवाला कुशीत घेतलं, एवढा एक बदल करून तो पुन्हा लिहिला. कुशीत शिरल्यावरच त्याला खरं बोलायचं बळ येतं. याच कारणासाठी देवाची भीती घालून मुलाला शिस्त लावणारा एकही प्रसंग मी लिहीत नाही, कितीही मोठ्या माणसाने मागितला तरी.

अमेरिकेत मुलांचा टीव्ही कार्यक्रम करणारे फ्रेड रॉजर्स यांच्याबद्दल इथे थोडं सांगायला हवं. 1963 मध्ये प्रेस्बिटेरियन मंडळीने त्यांना पाळक, म्हणजे धर्मगुरू, म्हणून दीक्षा दिली आणि मुलांसाठी टीव्हीवर काम करणं हीच त्यांची सेवा ठरली. 1968 पासून त्यांचा कार्यक्रम अमेरिकाभर दिसू लागला. त्यात त्यांनी प्रवचन केलं नाही. मार्गारेट मॅकफार्लंड या बालमानसतज्ज्ञ बाईंशी ते वर्षानुवर्षं सल्लामसलत करत आणि मुलांसमोर बोलायचं प्रत्येक वाक्य पारखून घेत. पडदा आणि पाहणारं मूल यांच्यामधली जागा त्यांना पवित्र वाटे. मी नव्या लेखकांना त्यांचे भाग पाहायला सांगते ते त्यांच्या थांबण्यासाठी. एक वाक्य बोलून ते मुलाला विचार करायला वेळ देतात. आपल्याला मात्र तीन सेकंदांची शांतताही लिहायला भीती वाटते.

आता बायबलच्या गोष्टींबद्दल. मूळ उतारा उघडून वाचल्याशिवाय एक ओळही लिहू नका, मग ती गोष्ट तुम्हाला संडेस्कूलपासून तोंडपाठ का असेना. उत्पत्तीत सफरचंद नाही, नुसतं फळ आहे. येशूच्या जन्मानंतर पूर्वेकडून आलेले मागी, म्हणजे ज्ञानी लोक, तीन होते असं मत्तयाचं शुभवर्तमान म्हणत नाही, भेटवस्तू तीन आहेत. योनाला गिळणारा देवमासा नसून ‘मोठा मासा’ आहे. मुलं पुढे स्वतः वाचतात आणि आपण भर घातलेली आढळली की त्यांचा सगळ्याच गोष्टीवरचा विश्वास डळमळतो. संवाद, विनोद, एखादं गाढव वाढवायला हरकत नाही, फक्त ते आपलं आहे हे दिसू द्या. वयाचाही विचार हवा. दाविदाने गल्याथचं डोकं कापलं हे शमुवेलाच्या पुस्तकात आहे. पाच वर्षांच्या मुलाला गोफण आणि दगड पुरे. अब्राहाम इसहाकाला वेदीवर ठेवतो ती गोष्ट मी सात वर्षांखालच्या मुलांसाठी लिहीतच नाही, कारण त्या वयाचं मूल स्वतःला इसहाकाच्या जागी ठेवतं आणि वडिलांकडे बघतं.

आजच्या मुलांना बायबलच्या काळात नेणारी रचना 1981 च्या ‘सुपरबुक’पासून रुळलेली आहे. जपानच्या तात्सुनोको स्टुडिओने ती मालिका बनवली होती. 2011 मध्ये ती नव्या रूपात आली. घरातली अडचण, मग जुन्या काळातली सफर, मग परत येऊन अडचण सुटणं. रचना उपयोगी आहे, पण रोजच्या भांडणाला बायबलमधलं एखादं पात्र औषधासारखं लावायची सवय जडते. दानिएल सिंहांच्या गुहेत गेला तो शाळेतल्या स्पर्धेची धास्ती घालवायला नव्हे.

प्रत्यक्ष काम कसं चालतं ते थोडक्यात. आधी एका पानाचं कथासार, मग संहिता, स्टोरीबोर्ड (प्रसंगांची क्रमाने काढलेली चित्रं), आवाजांचं रेकॉर्डिंग, त्यावरून ॲनिमॅटिक (ती स्थिर चित्रं आवाजावर लावून केलेली कच्ची फिल्म) आणि सगळ्यात शेवटी ॲनिमेशन. साधारण एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट. ॲनिमॅटिकपर्यंत बदल स्वस्त पडतो, नंतर प्रत्येक बदल रडवतो. त्यामुळे मुलांची चाचणी तिथेच करून घ्या. त्या वेळी ‘काय शिकलात’ विचारण्यापेक्षा ‘मला गोष्ट सांग ना’ म्हणा. मूल काय गाळतं त्यावरून सगळं कळतं. पात्रांचे स्वभाव आणि नियम लिहिलेल्या दस्तऐवजाला या धंद्यात मालिकेचं ‘बायबल’ म्हणतात. पहिल्या बैठकीत हा शब्द कानावर आला तर गोंधळू नका.

काम मागायला जाताना अकरा मिनिटांची एक पूर्ण संहिता आणि दोन कथासारं बरोबर ठेवा. ईश्वरविज्ञानाची पदवी कुणी मागत नाही, पण मसुदा पाळक आणि बालमानसतज्ज्ञ दोघांकडे जातो आणि दोघांच्या खुणा वेगवेगळ्या जागी येतात. बाप्तिस्म्यासारख्या विषयावर निरनिराळ्या मंडळ्यांची मतं वेगळी आहेत. मालिका कुणासाठी आहे हे आधी विचारून घ्या. सर्वसाधारण वाहिनीसाठी लिहिताना आणखी एक प्रश्न येतो. 2006 मध्ये ‘व्हेजीटेल्स’ एनबीसी या अमेरिकन वाहिनीवर आलं तेव्हा देवाचे आणि बायबलचे कितीतरी उल्लेख कापले गेले आणि त्यावरून वाद झाला. काय कापलं तर चालेल आणि काय कापलं तर आपण नाव काढून घेऊ, हे करार करण्याआधी स्वतःशी ठरवा. आणि करार लेखी करा. ‘ही तर सेवा आहे’ म्हणत एका संस्थेने माझ्या सहा भागांचे पैसे दिले नाहीत. सेवा मनापासून करावी, पण ती आपण देऊ केलेली असावी.

उधळ्या पुत्राचा दाखला, म्हणजे वाटणी घेऊन घर सोडणाऱ्या आणि सगळं उधळून परतणाऱ्या धाकट्या मुलाची येशूने सांगितलेली गोष्ट, मी तीनदा लिहिला. पहिल्या वेळी सात मिनिटं उधळपट्टीत आणि डुकरांत गेली. मुलं घरी जाताना डुकरांसारखी ओरडत होती आणि मला सायकल आठवली. दुसऱ्या वेळी बापाला वेळ दिला. मुलगा अजून दूर आहे तोवरच बाप त्याला पाहतो आणि धावत सुटतो, असं लूक सांगतो. ते धावणं आम्ही अख्खं दीड मिनिट चालू ठेवलं: घसरणारी चप्पल, हातात गोळा केलेला झगा, वाटेत थबकून बघणारे चाकर. संवाद एकही नाही. खोलीत चिडीचूप झालं होतं.

तिसऱ्या वेळी थोरला भाऊ आला. भावंडं असलेल्या प्रत्येक मुलाला तोच आपला वाटतो, कारण त्याची तक्रार खरी आहे. बाप अंगणात येऊन त्याची समजूत घालतो आणि दाखला तिथेच संपतो. तो आत गेला की नाही, हे येशू सांगत नाही. आमच्या गटातल्या काहींना शेवटी दोघा भावांची मिठी हवी होती. आमच्या ज्येष्ठ लेखिका बाईंनी आणि मी ती घालू दिली नाही. आतून गाण्याचा आवाज येतोय, दार उघडं आहे, बाहेर थोरला भाऊ आणि त्याच्या शेजारी उभा असलेला बाप, असं शेवटचं चित्र ठेवलं.

चाचणीच्या वेळी पडदा काळा झाल्यावर एक आठ वर्षांची मुलगी उठून उभी राहिली. तिचा धाकटा भाऊ शेजारीच बसला होता. “गेला का तो आत?” तिने विचारलं. मी म्हटलं, “तुला काय वाटतं?” ती बराच वेळ भावाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “बाबा बाहेर थांबलेत ना अजून?”