गाता येत नसेल तर कराओकेला काय करायचं (जपानला नवीन जाणाऱ्यांसाठी)

पुण्यात एन-थ्री, म्हणजे जपानी भाषेची परीक्षा, झाली, ऑफर लेटर हातात पडलं की सगळे तुम्हाला मेइशी, म्हणजे व्हिजिटिंग कार्ड, दोन हातांनी कशी द्यायची आणि किती वाकायचं ते शिकवतात. पण जेवणानंतर निजिकाईला, म्हणजे पार्टीच्या दुसऱ्या टप्प्याला, सगळे कराओकेच्या खोलीत शिरले आणि तुम्हाला गाता येत नसेल तर तिथे दोन तास काय करायचं, हे कोणी सांगत नाही. मला कोणी सांगितलं नाही. म्हणून लिहितेय, आणि थोडं लांबणार आहे कारण त्यातली एक गोष्ट मला अजून टोचते.

मी गात नाही. लाजून नाही म्हणतात तसं नाही, खरंच सूर लागत नाही. शाळेत समूहगीताला बाईंनी मागच्या रांगेत उभं करून नुसते ओठ हलव म्हणून सांगितलं होतं, तेव्हापासून माइक दिसला की पोटात गोळा येतो. तर ज्यांना हे माहीत आहे त्यांच्यासाठी आहे हे. ज्यांना गाता येतं त्यांचं ठीक चाललेलं असतं.

आता तो प्रसंग. मार्च २०१९, मला टोकियोत येऊन पाच-सहा महिने झाले होते. आमच्या काचोंची, म्हणजे विभागातल्या साहेबांची, ओसाकाला बदली झाली, मार्च संपताना सगळीकडेच बदल्या होतात, त्यांचं सोबेत्सुकाई, म्हणजे निरोपाची पार्टी, होतं. हे तेच काचो ज्यांनी मी आल्यावर पहिल्या आठवड्यात अर्धा दिवस सुट्टी टाकून माझ्याबरोबर कुयाकुशोत, म्हणजे वॉर्ड ऑफिसात, येऊन पत्त्याची नोंद करून दिली होती, कारण खिडकीवरच्या बाईंचं बोलणं मला कळत नव्हतं. जेवण झालं, मग शिंजुकुच्या एका कराओकेत बाराजणांची खोली. मी बसले नाही तोच कोणीतरी माझ्या हातात टॅबलेट दिला, देन्मोकु, ज्यावर गाणं शोधून मशीनला पाठवतात. म्हणाला हिंदी पण मिळतील बघ. आणि मी बघत बसले. कारण आता माझा नंबर येणार ही भीती होती, आणि निदान एखादं सोपं, छोटं, कमी सुरांचं काहीतरी मिळावं म्हणून शोधत होते. काना, म्हणजे जपानी अक्षरं, टाईप कर, मागे जा, दुसरं स्पेलिंग कर, पुन्हा मागे जा. असं चाळीस मिनिटं.

त्यात काचो गायले. वर्षातून एकदाच गाणारा माणूस, आणि त्या रात्री ते शेवटचं म्हणून उभं राहून एक संथ एन्का, म्हणजे जुन्या वळणाचं भावुक जपानी गाणं, गायले. मी मान वर केली ती टाळ्या वाजायला लागल्या तेव्हा. गाणं संपवून ते एकेकाकडे बघून मान लववत होते, माझ्यापाशी आले तेव्हा माझ्या मांडीवर टॅबलेट आणि तोंडावर त्याचा निळा उजेड. ते काही बोलले नाहीत. मलाही लववली मान, इतरांइतकीच. सोमवारी त्यांचं टेबल रिकामं होतं.

परत जाताना तोझाई लाईनला आमच्या सोमूमधल्या, म्हणजे जनरल अफेअर्समधल्या, एक बाई माझ्याबरोबर होत्या, मी निशि-कासाईला उतरणारी, त्या पुढे. त्यांनी विचारलं काचोंचं गाणं कसं वाटलं. माझ्याकडे सांगायला काहीच नव्हतं. छान होतं म्हणाले. त्यांना कळलंच असणार. त्या एवढंच म्हणाल्या, पुढच्या वेळी माझ्या शेजारी बसा.

तर सापळा कुठला ते नीट समजून घ्या, कारण हा सापळा वाटतच नाही. मोबाईल काढून बसणं वाईट दिसतं हे आपल्याला आधीच माहीत असतं म्हणून आपण तो पर्समध्ये ठेवतो. टॅबलेटचं तसं नाही. टॅबलेट बघताना आपल्याला वाटतं की आपण सामील आहोत, गाणं निवडतोय म्हणजे सभ्यपणे वागतोय, दिलेलं काम करतोय. आणि गाणाऱ्याला मात्र फक्त खाली घातलेली मान दिसते. खोलीत अंधार असतो, सोफा तीन बाजूंनी असतो, त्यामुळे ज्याच्या हातात टॅबलेट त्याचाच चेहरा सगळ्यात जास्त उजळलेला. गाणारा शब्द वाचायला स्क्रीनकडे बघतो हे खरं, पण मधलं संगीत लागलं, ज्याला कान्सो म्हणतात, की तो वळतो आणि तेव्हा त्याला आपले चेहरे दिसतात. तेवढ्या वीस-तीस सेकंदांत त्याला कळतं की आपण कोणासाठी गातोय की भिंतीसाठी. म्हणून हात जोडून सांगते, टॅबलेट हातात आला की लगेच शेजाऱ्याला द्या. दहा सेकंद सुद्धा ठेवू नका. कोणी गात असेल तर टेबलावर पालथा ठेवा. एखाद्या सिनियरला गाणं शोधून द्यायचं असेल तर टाळ्या चालू असताना द्या, गाणं चालू असताना नाही. आणि तुम्हाला खरंच एखादं गायचंच असेल तर ते घरून ठरवून जा, नाव लिहून ठेवा, तिथे शोधू नका. बाकी सगळं विसरलात तरी हे एवढं लक्षात ठेवा.

घाबरू नका पण. इथे न गाणाऱ्याला जागा आहे, आणि चांगली जागा आहे. त्याला शब्दसुद्धा आहे, किकिसेन, म्हणजे ऐकण्यापुरता आलेला. कराओके जन्मालाच ऑफिसच्या माणसांपायी आलंय. कोबेच्या बारमध्ये साथ करणारे दाइसुके इनोउए, त्यांना एका कंपनीच्या मालकाने सहलीला साथीला चला म्हटलं, त्यांना जमत नव्हतं म्हणून त्यांनी साथ टेप करून दिली, आणि १९७१ मध्ये त्यांचं मशीन आलं. त्या सहलीला सगळे गाणारे नक्कीच नसणार, बाकीचे ऐकायलाच बसले असतील ना. आणि सिंहगड रोडच्या पु. ल. देशपांडे उद्यानात, म्हणजे आपल्या ओकायामा गार्डनमध्ये, जे फिरलेत त्यांच्यासाठी, कराओकेची वेगळी बंद खोली पहिल्यांदा निघाली ती जपानमधल्या ओकायामातच, १९८० च्या दशकात, मालवाहू कंटेनरमध्ये. मला हे नंतर कळलं तेव्हा उगाच जवळचं वाटलं.

पुढच्या वेळी मी खरंच त्या बाईंच्या शेजारी बसले. वीस वर्षं त्या कंपनीत आहेत, एकदाही गायलेल्या नाहीत, आणि निजिकाई ठरली की पहिलं विचारलं जातं त्या येणार का. मी दोन तास फक्त त्यांच्याकडे बघत होते. गाण्याचं नाव स्क्रीनवर आलं की त्या ग्लास खाली ठेवायच्या, आवाज न करता, आणि गुडघे गाणाऱ्याकडे वळवायच्या. नुसती मान नाही, गुडघे. माइक पुढच्याला द्यायच्या आधी ओशिबोरीने, म्हणजे हात पुसायच्या ओल्या टॉवेलने, पुसून, दांडा त्याच्या हाताकडे करून द्यायच्या. जलद गाणं असेल तर टाळीचा ठेका पहिल्या दोन ओळींतच धरायच्या म्हणजे बाकीच्यांना धरायला सोपं, आणि खूप हळू वाजवायच्या, गाणाऱ्याच्या आवाजाच्या खाली. एका नवीन मुलाचा सूर वरच्या ओळीला फाटला तेव्हा सगळे हसले, त्या हसल्या नाहीत, त्यांनी टाळी थोडी मोठी केली, बस. तो सावरला. मला ते बघून रडू आलं होतं खरं सांगते, शाळेतल्या मागच्या रांगेमुळे असेल.

आपल्या लोकांची आणखी एक अडचण असते. आपण मैफलीतली माणसं. मी सवाईला आजोबांच्या शेजारी बसून मोठी झालेय, जागा आवडली की तिथल्या तिथे वाह निघतं, समेला हात आपोआप उठतो, आणि गाणाऱ्यालाही तेच हवं असतं. इथे तसं करू नका, निदान संथ गाण्याला तरी. मी एकदा ओळीच्या मधेच क्या बात है म्हटलं, मोठ्याने, आणि गाणारी मुलगी थांबली, तिला वाटलं काहीतरी चुकलं. इथे दाद साठवायची असते. कान्सो आलं की टाळी, संपलं की मोठी टाळी, मधे शांत. संथ गाण्याला ठेकाही धरायचा नाही, फक्त बघायचं. उलट काही गाण्यांत मधे ओरडायच्या ठरलेल्या जागा असतात, आइनोते म्हणतात, तिथे सगळी खोली एकदम ओरडते. त्या तुम्हाला माहीत नसतात, तर पहिल्या वेळी ऐका, दुसऱ्या कडव्यात त्यांच्याबरोबर ओरडा. डफली दिली तर ती जलद गाण्यांपुरतीच, आणि ठेका पक्का नसेल तर सरळ पुढे द्या. आणि कोणी गात असताना आपण बरोबर गुणगुणायचं नाही, गाणं कितीही ओळखीचं असलं तरी, त्यांनी दुसरा माइक पुढे केला तरच.

एक माझं मत, पटलं तर बघा. युट्यूबवर पाच जपानी गाणी पाठ करा आणि ऑफिस जिंका असले व्हिडिओ असतात ना, ते बघून कोणी जाऊ नका. माझ्या बॅचचा एकजण असंच एक पाठ करून गेला आणि ते नेमकं त्यांच्या बुचोंचं, म्हणजे काचोंच्याही वरच्या साहेबांचं, ओहाको निघालं. ओहाको म्हणजे ज्याचं त्याचं ठरलेलं गाणं, ते दुसऱ्याने आधी गायचं नसतं. त्याचा काही दोष नाही, त्याला कसं माहीत असणार. पण शॉर्टकटमध्ये हेच होतं, गाणं कळतं, ते कोणाचं आहे ते कळत नाही. आणि आपलेच जुने सिनियर जे सांगतात की पोट दुखतंय सांग आणि सटक, त्यांचंही ऐकू नका. तीन वेळा पोट दुखलं की चौथ्यांदा बोलावत नाहीत, आणि मग सोमवारी सगळे ज्या गोष्टीवर बोलत असतात ती तुम्हाला माहीत नसते. शिकायचं असेल तर तुमच्या टीममध्ये न गाणारं जे माणूस असेल, ते शोधा आणि त्याच्या शेजारी बसा. प्रत्येक ऑफिसात एक असतंच. असं माणूस तुम्हाला समजावून सांगणार नाही, तुम्हालाच बघावं लागेल.

आता कडक बोलते. ऐकणं हे तुमचं काम आहे, गाणं नाही. कोणी माइक हातात कोंबत असेल, हात धरून ड्युएटला उठवत असेल, गायलीस तरच सोडतो म्हणत असेल, तर ते सहन करू नका. त्याला इथे काराहारा म्हणतात, कराओके हॅरासमेंट, लोकांना शब्द माहीत आहे. वरिष्ठांच्या दबावाविरुद्धचा कायदा मोठ्या कंपन्यांना जून २०२० पासून आणि छोट्या कंपन्यांना एप्रिल २०२२ पासून लागू आहे, कंपनीला तक्रारीची सोय ठेवावी लागते. मुलींनो, शेजारी बसून ग्लास भरत राहणं हेही तुमचं काम नाही, एकदा भरला तर भरला. पण एकदा आग्रह केला म्हणून लगेच छळ झाला असंही नसतं, बहुतेकदा त्यांना वाटतं तुम्ही एकटे पडताय म्हणून विचारतात. हसून सांगा, किकिसेन देस, म्हणजे मी ऐकायला आलेय, आणि पुढच्याला माइक द्या. दुसऱ्यांदा सहसा कोणी विचारत नाही. मला तरी नाही विचारलं.

बाकी किरकोळ. नवीन असाल तर दाराजवळ बसा, शिमोझा, ती जागा तशीही ज्युनियरची, आणि न गाणाऱ्याला ती उत्तम कारण तिथे हाताला काम मिळतं. ऑर्डरचा फोन तिथेच असतो, आलेले ग्लास आत सरकवायचे असतात. गाणं चालू असताना ट्रे आला तर वाकून घ्या, स्क्रीनसमोर उभं राहू नका. दारू घेत नसाल तर ऊरोनचा, म्हणजे ऊलाँग चहा, मागवा, कोणी काही म्हणत नाही. शाकाहारींना एदामामे, म्हणजे सोयाबीनच्या उकडलेल्या शेंगा, आणि फ्राईज, त्यापलीकडे फार आशा नको. वेळ संपायच्या दहा मिनिटं आधी फोन वाजतो, एनचो करायचं का, म्हणजे वेळ वाढवायची का, विचारायला, तो तुम्ही उचला आणि गाणाऱ्याला न थांबवता सगळ्यात सिनियर माणसाला खुणेने विचारा. शूदेन, म्हणजे शेवटची ट्रेन, चुकणार असेल तर आधीच सांगून ठेवा आणि दोन गाण्यांच्या मधे उठा. कोणाच्या गाण्यात दार उघडून जाऊ नका, कितीही घाई असली तरी, तीन मिनिटांचा प्रश्न असतो.

स्नॅकमध्ये, म्हणजे मामा-सान (मालकीण) असते त्या छोट्या बारमध्ये नेलं, तर तिथे गाणारे अनोळखी असतात, तरी टाळी सगळ्यांना वाजवायची, पलीकडच्या टेबलावरच्या आजोबांनाही. तिथे मला ऑफिसपेक्षा सोपं जातं, का ते नाही सांगता येत.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी. हे त्या बाईंकडूनच शिकले. ज्याने बोलावलं त्याला आरिगातो गोझाइमाशिता म्हणायचं असतंच, पण त्याबरोबर त्याच्या एका गाण्याबद्दल एक वाक्य बोला. खरं बोला, उगाच स्तुती नको. शेवटच्या कडव्यात तुम्ही हळू झालात ते आवडलं, इतकं पुरतं. त्यासाठी आदल्या रात्री ऐकलेलं असावं लागतं. गाण्याचं नाव आठवलं नाही तर ते दुसरं, पावसाचं, संथ होतं ते, असं म्हटलं तरी त्यांना लगेच कळतं कुठलं.