बूलियन राशी रॉकमध्ये मांडताना या चुका टाळा

पहिली चूक पायातच होते: राशी आणि तिचं मूल्य यांची गल्लत. रॉकमध्ये (सिद्धता संगणकाकडून तपासून घेण्याचं साधन, २०२५ च्या आधीचं कॉक) थेट 'प्रॉप'मधली, म्हणजे त्याच्या तर्कविधानांच्या टाइपमधली, विधानं घेऊन राशीचं रूप बदलणारं फंक्शन लिहायला बसलात तर हात टेकाल. समोरचं विधान 'आणि'चं आहे की 'किंवा'चं, हे मॅच करून विचारताच येत नाही. शिवाय ¬(अ ∧ ब) वरून ¬अ ∨ ¬ब काढायला जादा गृहीतक आणावं लागतं. म्हणून चल, नकार, आणि, किंवा अशा चार कन्स्ट्रक्टरांचा (राशी बांधायच्या चार रीतींचा) स्वतंत्र इंडक्टिव्ह टाइप करा. मूल्य काढणारं फंक्शन वेगळं ठेवा, त्याचं उत्तर 'बूल', म्हणजे खरं किंवा खोटं.

खरी दमछाक नकार आत ढकलताना होते, म्हणजे नकार फक्त चलांवर उरेल असं रूप देणारं फंक्शन 'न' लिहिताना.

न(¬(अ ∧ ब)) = न(¬अ) ∨ न(¬ब)

एवढं लिहिलं की रॉक अडून बसतो: कोणतं आर्ग्युमेंट लहान होतंय ते सापडत नाही, म्हणतो. त्याचं बरोबरच आहे. ¬अ हा ¬(अ ∧ ब) चा तुकडा नाही, तो आपण नव्याने बांधला. राशीचं माप देऊन वाट निघते, पण सिद्धता नाहक लांबते. त्यापेक्षा फंक्शनला एक बूल ध्वज द्या. नकार दिसला की ध्वज उलटा करून आत जा. ध्वज खोटा असेल तर ∧ चा ∨ करा, ∨ चा ∧, आणि चलाला नकार लावा. आता प्रत्येक हाक खऱ्या तुकड्यावरच जाते.

सिद्धतेत मात्र ध्वज आधी 'इंट्रोज'ने (चल एकच ठरावीक म्हणून घेणारी आज्ञा) उचलून मग 'इंडक्शन' (राशीच्या रचनेवर विगमन) करू नका. विगमनाचं गृहीतक त्या एकाच ध्वजापुरतं मिळतं आणि नकाराच्या केसमध्ये नेमका उलटा ध्वज लागतो. आधी इंडक्शन, मग इंट्रोज.

प्रमेय कोणतं मांडता हेही तपासा. 'मूल्य बदलत नाही' एवढंच सिद्ध केलंत तर राशी जशीच्या तशी परत देणारं फंक्शनही पास होतं! नकार फक्त चलांवरच उरतो, हे दुसरं प्रमेय हवंच.

सीएनएफसाठी ('किंवा'चे गट 'आणि'ने जोडलेलं रूप; एकेक गट म्हणजे क्लॉज) नुसतं वितरण, म्हणजे ∨ ला ∧ च्या आत पसरवणं, वापरू नका. (क१ ∧ ख१) ∨ … ∨ (क२० ∧ ख२०) यातून २^२०, म्हणजे १०,४८,५७६ क्लॉज निघतात. गणितज्ञ त्सेइतिन यांची १९६८ ची पद्धत नवे चल घालून हा फुगवटा टाळते, पण मग मूल्यांची बरोबरी सिद्ध करायला जाऊ नका, ती खरीच नसते. मूळ राशी खरी करणारी चलांची मूल्यं मिळतात तेव्हाच नवीलाही मिळतात, असं प्रमेय मांडा.