गाडीत हजारो गाणी वाजवायचीत? पेनड्राईव्ह असा भरा

पेनड्राईव्ह लावला की गाडीतला टेप (म्युझिक प्लेअर) नुसता रीडिंग रीडिंग दाखवत बसतो, मग भलतंच गाणं लागतं, आणि पाहिजे ते सापडेपर्यंत हत्तरगीचा टोलनाका येतो, ही तक्रार आपल्या बेळगाव भागात लै जणांची आहे. "काय गा, टेपच बदलून टाकू काय?" असं विचारूलालेत लोक. लगेच बदलू नका. बहुतेक वेळा टेप चांगला असतो, आपण साठा जसा कॉम्प्युटरवर पडलाय तसाच्या तसा उचलून त्यात कोंबतो तिथं घोळ होतो. गाडीसाठी वेगळी प्रत करायची, ती टेपला झेपेल अशी आणि रस्त्यावरची नजर न काढता बोटांना सापडेल अशी. हे सगळं काम घरी टेबलावर बसून करायचं, गाडीत नाही.

पहिलं म्हणजे मूळ साठा घरच्या हार्डडिस्कवर ठेवा आणि त्याची अजून एक कॉपी दुसऱ्या डिस्कवर. गाडीतला पेनड्राईव्ह हरवतो, उन्हात तापतो, कुणीतरी "दोन दिवसांत देतो" म्हणून घेऊन जातो, तर त्यात एकुलती एक प्रत कधीच ठेवू नका, खास करून घरातल्या भजनी मंडळाच्या किंवा आजोबांच्या आवाजाच्या रेकॉर्डिंगची. पोर्टेबल हार्डडिस्क थेट गाडीला लावायच्या भानगडीत पण पडू नका, गाडीचा साधा यूएसबी पोर्ट साधारण 500 मिलिअँपिअर देतो, त्यात फिरणारी डिस्क कधी चालू होते कधी होत नाही, आणि खानापूर रोडच्या खड्ड्यांत चालू डिस्कला बसणारे धक्के वेगळेच. पेनड्राईव्ह नाहीतर रीडरमध्ये घातलेलं मेमरी कार्ड हेच बरं.

आता फॉरमॅट, म्हणजे पेनड्राईव्हवर फाईली मांडायची पद्धत. जुन्या आणि मधल्या काळातल्या बहुतेक टेपना फॅट32 हाच फॉरमॅट कळतो. 32 जीबीपर्यंतची कार्डं दुकानातून फॅट32 मध्येच येतात म्हणून ती बिनबोभाट चालतात, 64 जीबी आणि पुढची कार्डं एक्सफॅट मध्ये येतात, आणि मग टेप म्हणतो नो फाईल किंवा एरर, आपण दुकानदाराशी भांडायला जातो की कार्ड डुप्लिकेट दिलं. कार्ड बहुतेक बरोबर असतं. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटच्या खिडकीत 32 जीबीच्या वर फॅट32 चा पर्यायच दिसत नाही, त्यासाठी रुफस नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर वापरा, त्यात नॉन बूटेबल निवडून फॅट32 करता येतं, पार्टिशन, म्हणजे ड्राईव्हचा भाग, एकच ठेवा आणि पार्टिशन स्कीमच्या खान्यात एमबीआर निवडा. फॉरमॅट केलं की आतलं सगळं जातं हे लक्षात असू द्या. आणि पहिल्या दिवशी मोठा 128 जीबीचा आणायची गरज नाही, टेप प्रत्येक वेळी चावी फिरवली की सगळ्या फाईली परत वाचतो, जितकं जास्त भराल तितकं ते रीडिंग लांबतं.

किती गाणी बसतात याचा हिशोब सोपा आहे. 320 केबीपीएसची (गाणं सेकंदाला किती डेटा घेतं तो आकडा, जास्त तितका दर्जा बरा) एमपीथ्री मिनिटाला 2.4 एमबी खाते, म्हणजे 5 मिनिटांचं गाणं 12 एमबी, आणि 32 जीबीत अशी अडीच हजाराच्या आसपास बसतात. 192 ला तेच गाणं 7.2 एमबी होतं, म्हणजे चार हजारांच्या वर गेली. 128 ला साडेसहा हजारांच्या आसपास. माझं मत विचाराल तर गाडीसाठी 192 पुरे, डिझेल इंजिन, टायरचा आवाज, पावसाळ्यात टपावर पडणारं पाणी, यात 320 आणि 192 मधला फरक ऐकू येणं अवघड आहे. फ्लॅक फाईली (आवाजातलं काही न गमावणाऱ्या मोठ्या फाईली) घरच्या साठ्यात ठेवा, तिथं त्या पाहिजेतच, पण गाडीसाठी त्यांची एमपीथ्री करून घ्या, फूबार2000 या सॉफ्टवेअरमधून शेकडो फाईली एका झटक्यात होतात. एक मात्र करू नका, आधीच 128 ची असलेली फाईल 320 करू नका, जागा वाढते, आवाज तोच राहतो.

खरी मेहनत नावांची. आपल्याकडं साठा कसा जमतो बघा, थोडं मोबाईलच्या दुकानातून भरून घेतलेलं, थोडं मामाच्या सीडीवरनं, थोडं कुणी ब्लूटूथनं दिलेलं, त्यामुळं एकाच गायकाचं नाव चार तऱ्हेनं पडलेलं असतं. भीमसेन जोशी, पं. भीमसेन जोशी, पंडित भीमसेन, नुसतं जोशी, टेपला हे चार वेगळे गायक वाटतात आणि गायकाच्या यादीत चार जागी दाखवतो. एमपीथ्रीटॅग नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या फाईली ओढून टाका, आर्टिस्टच्या रकान्यावर क्लिक करून क्रमानं लावा, सारखी नावं एकत्र निवडा आणि एकदाच एक नाव लिहून सेव्ह करा. एका संध्याकाळी बसलं तर पुष्कळ निपटतं. त्याच सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये टॅग (फाईलीच्या आत लिहिलेली गाण्याची आणि गायकाची माहिती) आयडीथ्री 2.3 आणि यूटीएफ-16 असा ठेवा, कारण नवीन 2.4 प्रकारचा टॅग बऱ्याच टेपना वाचता येत नाही आणि मग सगळं अननोन आर्टिस्ट होऊन बसतं.

मराठीत लिहिलेली नावं जुन्या टेपवर चौकोन किंवा प्रश्नचिन्हं होऊन दिसतात, कानडी नावांचं पण तेच. आपल्या भागातल्या साठ्यात दोन्ही भाषा असणारच, एकाच भीमसेनांचे मराठी अभंग पण असतात आणि कानडी दासवाणी (हरिदासांची पदं) पण. मनाला पटत नाही, आपली गाणी आपल्या अक्षरात दिसावी असंच वाटतं, पण त्या टेपवर वाचता आली पाहिजेत तर गाडीच्या प्रतीत फाईलचं नाव आणि टॅग रोमन अक्षरात करा. घरच्या मूळ साठ्यात मात्र देवनागरी आणि कानडी तसंच ठेवा, ते पुसू नका. नवीन टच स्क्रीनचे अँड्रॉइड टेप देवनागरी बरोबर दाखवतात, तुमचा तसा असेल तर हा सगळा खटाटोप वाचला.

फोल्डर दोन थरांपेक्षा खोल नेऊ नका. वरच्या थराला 01 अभंग, 02 नाट्यगीत, 03 शास्त्रीय, 04 वचन आणि दासवाणी, 05 जुनी हिंदी, 06 पोरांची गाणी, असं, आणि त्याच्या आत गायकाचा फोल्डर, बस्स. बऱ्याच टेपना एका फोल्डरमध्ये 255 च्या पुढच्या फाईली दिसत नाहीत, तुमच्या मॉडेलची मर्यादा मॅन्युअलच्या शेवटच्या पानांत दिलेली असते, ती बघून त्याच्या आत राहा. अजून एक, लै टेप शफल (क्रम मोडून कुठलंही गाणं लावणं) फक्त चालू फोल्डरपुरतं करतात. म्हणून मिसळीचं ऐकायचं असेल तर वेगळा मिक्स फोल्डर करून त्यात निवडक दोनशे गाणी कॉपी करून ठेवा, जागा थोडी जाते पण लांबच्या प्रवासाला तोच फोल्डर सगळ्यात जास्त लागतो.

क्रम उलटासुलटा का लागतो हे पण लोक फार विचारतात. फॅट32 मध्ये फाईल ज्या क्रमानं कॉपी झाली त्या क्रमानं यादीत बसते, आणि पुष्कळ टेप नावाकडं बघतच नाहीत, ती यादी वरनं खाली वाजवत जातात. कॉम्प्युटरवर आपल्याला एबीसीडी क्रम दिसतो कारण कॉम्प्युटर दाखवताना लावून दाखवतो. उपाय असा की फाईलीच्या नावाआधी 001, 002 असे आकडे द्या, पुढची शून्यं सोडू नका नाहीतर 1 च्या मागं 10 आणि 11 लागतं, आणि सगळं भरून झालं की शेवटी विंडोजवर ड्राईव्हसॉर्ट, लिनक्सवर फॅटसॉर्ट चालवा, ते यादीच नावाप्रमाणं लावून देतं. मॅकवरनं कॉपी करणाऱ्यांच्या पेनड्राईव्हवर ठिपक्यानं सुरू होणाऱ्या बारक्या फाईली पडतात, टेप त्या वाजवायला जातो आणि अडकतो, टर्मिनलमधली डॉट क्लीन ही कमांड त्या काढते.

आता शास्त्रीय संगीतवाल्यांसाठी वेगळं सांगायला पाहिजे, कारण ही माती त्या गाण्याची आहे. कुमार गंधर्वांचा जन्म 1924 सालचा, आपल्या सुळेभावीचा, मल्लिकार्जुन मन्सूर आणि गंगूबाई हनगल धारवाड-हुबळीकडचे, आपल्या लोकांच्या साठ्यात ह्यांचे तास तास भराचे ख्याल असतातच. गाडीत त्याचे तीन त्रास. एक, तासाभराच्या एकाच फाईलमध्ये पुढं ढकलत पाहिजे ती जागा सापडत नाही, तर एमपीथ्रीडायरेक्टकट नावाच्या छोट्या सॉफ्टवेअरनं विलंबित आणि द्रुत वेगळे कापा, ते परत एनकोड न करता कापतं म्हणून आवाज बिघडत नाही. दोन, आलाप इतका हळू असतो की आपण आवाज वाढवतो आणि पुढचं सिनेमाचं गाणं कानठळ्या बसवतं. याला एमपीथ्रीगेन नावाचं सॉफ्टवेअर वापरा, नेहमीचं 89 डेसिबल ठेवा. बाकी बरीच सॉफ्टवेअरं आवाजाची नोंद फक्त टॅगमध्ये करतात आणि गाडीचा टेप ती बघत नाही, एमपीथ्रीगेन फाईलीच्या आतलाच आकडा दीड-दीड डेसिबलनं बदलतं म्हणून कुठल्याही टेपवर फरक पडतो, आणि नको वाटलं तर मागं पण घेता येतं. मात्र याच्यानं गाण्या-गाण्यातली तफावत जाते, एकाच ख्यालातला हळू आलाप आणि चढी तान यातलं अंतर तसंच राहतं, आणि ते तसंच राहू द्या.

तिसरा त्रास, गाडी बंद करून चहा पिऊन आलं की ख्याल परत पहिल्यापासून. काही टेपची ती बनावटच असते, पण बाहेर बसवून घेतलेल्या टेपमध्ये बऱ्याचदा वायरिंगचा दोष असतो. टेपमागं पिवळी वायर कायम बॅटरीच्या करंटला पाहिजे आणि लाल वायर चावी फिरवल्यावर येणाऱ्या करंटला. दोन्ही एकत्र चावीला जोडल्या असतील तर गाडी बंद झाली की टेप सगळं विसरतो, स्टेशन पण, गाणं पण. इलेक्ट्रिशियनला एवढंच सांगा, पिवळी डायरेक्ट बॅटरीला आहे का बघ. नवीन टेप बसवताना पण वायरी कापू देऊ नका, तुमच्या गाडीचा कपलर (वायरी न कापता जोडायचा तयार सॉकेट) मिळतो तो वापरायला सांगा, वॉरंटीचा प्रश्न येत नाही आणि उद्या जुना टेप परत बसवता येतो.

कॅसेटी घरात पडून असतील तर त्या आधी उतरवून घ्या, फीत दरवर्षी खराब होत जाते. डेकच्या लाईन आऊटमधनं लॅपटॉपच्या लाईन इनला वायर, ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर चालू, आणि 90 मिनिटांच्या कॅसेटला 90 मिनिटंच लागतात, घाई चालत नाही. घरच्यासाठी वेव्ह किंवा फ्लॅक ठेवा, गाडीसाठी मोनो 96 ची एमपीथ्री पुरते.

फोनवरनं वाजवणाऱ्यांना एकच सांगतो, ऑनलाईनवर विसंबू नका. जांबोटी सोडून कणकुंबीकडं लागलात की चोर्ला घाटात नेटवर्क जातं आणि गाणं अर्ध्यात थांबतं. गाणी फोनमध्ये किंवा त्याच्या कार्डात असू द्या, व्हीएलसी किंवा पॉवरअँपवर वाजवा, दोन्ही अँड्रॉइड ऑटोवर (फोन गाडीच्या स्क्रीनवर चालवायची सोय) दिसतात. फोनचा आवाज जवळपास पूर्ण ठेवून कमीजास्त गाडीच्या बटणावरनं करा. ऑक्सच्या वायरनं लावून चार्जर पण जोडला आणि अ‍ॅक्सिलरेटरबरोबर चढणारी शिट्टी ऐकू आली तर तो ग्राउंड लूप (दोन वायरींच्या अर्थिंगमुळं येणारा आवाज), चार्जर काढून बघा, शिट्टी थांबली तर मधे लावायचा ग्राउंड लूप आयसोलेटर आणा.

जुन्या गाडीत नुसता रेडिओच असेल तर एफएम ट्रान्समीटर चालतो, पण मोकळी जागा शोधून लावा, बेळगावात 90.4 वर वेणुध्वनी आहे आणि कोल्हापूरकडं जाताना 102.7 वर आकाशवाणी आडवी येते. निपाणी ओलांडली की परत एकदा बदलावी लागेल अशी तयारी ठेवा. सीडीवाला टेप असेल तर 700 एमबीच्या सीडीवर 192 ची एमपीथ्री साधारण 8 तास बसते, डेटा डिस्क म्हणून लिहा आणि शेवटी फायनलाईज करा.

निघायच्या आधी फोल्डर लावून मगच गाडी हलवा, शोधाशोध चालत्या गाडीत नको. कोल्हापूरला दोन तास लागतात, तेवढ्या मापाचे दोन-तीन फोल्डर तयार असले की कोगनोळीपर्यंत टेपला हात लावायची वेळ येत नाही. नवीन गाणी घालायची तर मधेच चार-चार टाकत बसू नका, यादीचा क्रम परत बिघडतो, घरी एका फोल्डरमध्ये साठवत जा आणि दोन-तीन महिन्यांनी पेनड्राईव्ह फॉरमॅट करून सगळं एकदम परत भरा, शेवटी सॉर्ट चालवायला विसरू नका.