विद्यार्थी कॉलेजातून कुठे गळतात, हे शोधण्याच्या कामात यायचंय?

संख्याशास्त्र लागतंच, पण सुरुवात एका साध्या तक्त्यापासून करा. एकाच वर्षी प्रवेश घेतलेल्यांचा गट धरा आणि दर सत्राला त्यातले किती उरले ते मांडा. मग तोच तक्ता फोडा: घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेले, नोकरी करून शिकणारे, पहिल्याच सत्रात गणितात अडकलेले. सरासरी फार गोड बोलते. माझा तिच्यावर विश्वास नाही.

विद्यार्थी कॉलेज का सोडतात याचे अमेरिकन अभ्यासक व्हिन्सेंट टिंटो यांची १९७५ची मांडणी वाचाच. विद्यार्थी अभ्यासात आणि संस्थेच्या सामाजिक जीवनात किती मिसळतो, यावर त्याचं टिकणं अवलंबून असतं, असं ती सांगते. तिच्यावरची टीकाही वाचा. कामावरून थेट वर्गात येणारे तिच्यात नीट बसत नाहीत.

मुलाखतीत मी हमखास विचारते: गळतीचा हा आकडा कोणाच्या टेबलावर ठेवाल, आणि त्यांनी नेमकं काय करायचं? इथे भलेभले पीएचडीवाले गप्प होतात. या कामात पुढे नेतृत्वाच्या पदावर जायचं तर समुपदेशक, परीक्षा विभाग, शुल्काची खिडकी सांभाळणारे, सगळ्यांशी बोलणं हवं. थकलेल्या शुल्कापायी कोणाची नोंदणी अडली, हे त्यांना अहवालाच्या कितीतरी आधी कळतं.

सॉफ्टवेअर? आर, एसपीएसएस, आकडेवारीचं काहीही चालेल.